ओळख काढणारे सर

“कुणाचा रं तू?”

हा प्रश्न विचारायच्या आधी सर एक खुर्ची पुढं ओढायचे. समोर फी भरायला आलेला पोरगा असो, कुरिअरवाला असो नाहीतर विद्यापीठाची तपासणी समिती असो, आधी खुर्ची आणि मग प्रश्न. माणूस टेकला की ते चष्मा कपाळावर चढवत आणि त्याच्याकडे असे निरखून बघत, जणू हेच नाक त्यांनी आधी दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडावर पाहिलं आहे.

नुसत्या नावानं त्यांचं भागत नसे. गाव लागे, गावातली वस्ती लागे, वडिलांचं नाव लागे आणि शेवटी आईचं माहेर. आईच्या माहेरापाशी बहुतेक वेळा काम होऊन जाई. “म्हंजे पेठच्या गुरुजींचा नातू तू! अरं, तुझ्या मामाच्या लग्नात बुंदी वाढलीय मी.” पोरगं ओशाळं हसायचं. मामाचं लग्न त्याच्या जन्माआधीच होऊन गेलेलं असायचं. पण खुर्चीवरून उठताना ते जरा ताठ उठायचं. आता ते कॉलेजात आलेलं कुठलंतरी नवं पोरगं राहिलेलं नसे. कुणाचं तरी कुणीतरी झालेलं असे.

तुमच्याही पाहण्यात असा एखादा माणूस असेल. लग्नात अक्षता पडल्यावर मांडवभर फिरणारा, दहाव्याला घाटावर सगळ्यांना हात जोडणारा. आमचे सर भूगोल शिकवायचे. भिंतीवरच्या नकाशात नद्या आणि डोंगर असत. त्यांच्या डोक्यातल्या नकाशात कुठल्या गावची लेक कुठल्या गावाला दिली ह्याच्या रेघा असत. जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके त्या रेघांनी त्यांनी पक्के शिवून ठेवले होते. स्वतः निरगुडसरचे, बागायतदाराच्या घरातले. भाऊ शेती बघायचे, हे नोकरी करायचे. वर्गात स्वच्छ पुस्तकी मराठी बोलायचे आणि वर्गाचा उंबरा ओलांडला की ‘व्हतं’ आणि ‘नाय’ सुरू.

मी मूळची सांगलीकडची. नवऱ्याची बदली चाकणला झाली म्हणून ह्या भागात आले आणि पुणे-नाशिक रस्त्याला लागून असलेल्या ह्या कॉलेजात तासिका तत्त्वावर वाणिज्य शिकवायला लागले. पहिल्याच दिवशी सरांनी खुर्ची ओढली, चष्मा वर चढवला, सगळी चौकशी केली आणि चष्मा पुन्हा खाली उतरवला. सांगलीकडं त्यांचं कुणीच नव्हतं. पुढं कितीतरी दिवस मी समोर दिसले की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. मग एका दुपारी ते स्टाफरूममध्ये जवळजवळ पळतच आले.

“मॅडम, निघालं!”

त्यांच्या मेव्हण्याच्या साडूची मुलगी इस्लामपूरला दिली होती आणि तिच्या शेजारी राहणाऱ्या बाई मला शाळेत मराठी शिकवायला होत्या.

“अहो सर, हे काय नातं झालं का?”

“नातं नाय. पण वाट हाय,” ते म्हणाले आणि समाधानानं पाणी प्यायले.

त्या दिवसापासून मी परकी राहिले नाही. भाड्याची खोली, दूधवाला, गॅसची शेगडी, लेकीच्या शाळेचा प्रवेश, सगळं कुणाच्या ना कुणाच्या ओळखीनं होत गेलं. एकदा पार्किंगमध्ये दोन पोरांची जुंपली. गाडीला गाडी घासली एवढंच कारण, पण कॉलर धरण्यापर्यंत आलं होतं. सर मध्ये शिरले, दोघांना आपला नेहमीचा प्रश्न विचारला, जरा विचार केला आणि एकाला म्हणाले, “हाण त्याला. पण आधी पाया पड. तुझ्या आयचा चुलतभाऊ हाय तो. मामा लागतो तुझा.” बघणारी पोरं खो खो हसायला लागली. मामा भाच्यापेक्षा वयानं लहान होता. पास होऊन जाईपर्यंत त्याला सगळं कॉलेज मामाच म्हणत होतं.

मी जरा रुळले तसा प्राचार्यांनी माझ्या गळ्यात उद्योजकता कक्ष घातला. नव्या माणसाकडे अशी कामं येतातच. मी मन लावून सुरुवात केली. पुण्याहून वक्ते बोलावले, प्रोजेक्टर लावला. वक्ते छान बोलायचे. मोठी स्वप्नं बघा म्हणायचे. मागच्या बाकांवर पोरं मोबाइलवर रील बघायची. एकदा कार्यक्रम संपताना मी विचारलं, शिक्षण झाल्यावर स्वतःचं काही सुरू करावंसं कुणाला वाटतं? मोजके हात वर आले. त्या मुलांना मी मागं थांबवून घेतलं. एकाच्या वडिलांचं कृषी सेवा केंद्र. एकाचा मावसभाऊ नारायणगावला टोमॅटोचा व्यापारी. एकीच्या काकांचं मंगल कार्यालय. एकाच्या शेजाऱ्याचं गॅरेज, तिथं तो शाळेत असल्यापासून जाऊन बसायचा. बाकीच्या वर्गाला पोलीस भरती, स्पर्धा परीक्षा नाहीतर रांजणगावची कंपनी.

मी वैतागून स्टाफरूममध्ये आले. म्हटलं, “सर, ज्यांच्या घरात धंदा आहे त्यांनाच धंदा करावासा वाटतो. मग माझ्या कक्षाचा उपयोग काय?”

“त्यात काय नवल?” सर डब्याचं झाकण काढत म्हणाले. “ज्यानं ल्हानपणी गल्ल्यावर बसून गोळ्या खाल्ल्या, त्याला गल्ल्याचं भ्या वाटत नाय. बाकीच्यांनी गल्ला बघितला तो पल्याडच्या बाजूनं.”

“मग करायचं काय?”

“चहाला जाऊ.”

मला वाटलं, विषय संपला. पण त्यांना खरंच चहाला जायचं होतं.

शनिवारी दुपारी कॉलेज सुटलं की सर थोडी पोरं-पोरी गोळा करायचे आणि एसटीनं नाहीतर कुणाच्या तरी पिकअपमध्ये बसवून कुठंतरी घेऊन जायचे. कुणाचा पोल्ट्रीचा शेड, कुणाचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान, कुणाचं पनीरचं छोटं युनिट. सगळे अर्थातच त्यांचे पावणे. तिथं जायचं, बसायचं, चहा प्यायचा आणि परत यायचं. दिवस मावळायच्या आत, कारण ऊस उभा असला की बिबट्याचं काही सांगता येत नाही आणि पोरींच्या घरचे फोन सुरू व्हायचे. नियम एकच होता: प्रश्न विचारायचे नाहीत.

“प्रश्न इचारला की माणूस भाषण करतो,” सर म्हणायचे. “आपण गप बसलो की तो आपलं काम करतो. आपल्याला काम बघायचंय.”

एकदा पेठ गावाजवळ रस्त्याकडेला मिसळीचं हॉटेल चालवणाऱ्या एका बाईंकडे गेलो. बाई एका हातानं भजी सोडत होत्या, खांद्यात मोबाइल दाबून कुणालातरी पावाच्या लादीवरून झापत होत्या आणि मधूनच आमच्याकडे बघून हसत होत्या. येताना एक मुलगा गाडीत एकदम म्हणाला, “सर, ती बाई माझ्या आईसारखीच दिसते.”

“मग?”

“मग काय नाय.” तो खिडकीबाहेर बघत बसला. त्याची आई दुसऱ्यांच्या बांधावर खुरपायला जायची. पुढं मायलेकांनी मिळून अवसरी फाट्यावर नाष्ट्याची गाडी टाकली. तो पोरगा माझ्या एकाही व्याख्यानाला कधी जागा राहिला नव्हता.

सगळेच पुढं गेले असं मात्र नाही. मंचरला एकानं मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं. उद्घाटनाला मोठा फ्लेक्स, नेतेमंडळी, पेढे. वर्ष उलटायच्या आत दुकान बसलं. शटर कायमचं ओढायचं त्या दिवशी सर तिथं गेले आणि मला बरोबर घेऊन गेले. रिकाम्या दुकानात उपडं ठेवलेलं एक क्रेट, त्यावर सर. पोरगा काउंटरचे स्क्रू काढत होता. सामान न्यायला टेम्पो आला तेव्हा सरांनी एका बाजूनं काउंटर उचलायला हात लावला आणि आम्ही निघालो.

“उघडताना समदे येत्यात, मॅडम,” वाटेत ते म्हणाले. “मिटताना बी कुणीतरी पायजे. नायतर ते पोरगं पुन्यांदा उघडायचं नाय.”

त्यानं पुढं आळेफाट्याला पुन्हा उघडलं. अजून चालू आहे.

आता ज्या मुलीबद्दल सांगायचंय तिच्याकडे येते. तिला सोनाली म्हणू. दुसऱ्या वर्षाला वाणिज्य शाखेत होती. मागच्या बाकावर बसायची, विचारलं तर बरोबर उत्तर द्यायची, आपणहून कधी बोलायची नाही. एका शनिवारी पोरं जमली होती, सर एकेकाला प्रश्न विचारत चालले होते आणि हशा उसळत होता. सोनालीची पाळी आली.

“कुणाची गं तू?”

“महाळुंगे पडवळची.”

“पडवळात कुणाची?”

सरांकडे सरळ बघत ती म्हणाली, “कुणाचीच नाही, सर.”

सगळे हसले. सरही हसले. सोनाली हसली नाही. तिनं बॅग उचलली आणि निघून गेली.

सोमवारी मी तिला गाठलं. ती म्हणाली, “मॅडम, आमच्या घरी मेंढरं आहेत. दिवाळी झाली की बाबा आणि चुलते मेंढरं घेऊन कोकणात उतरतात, ते उन्हाळा सरताना येतात. मी आजीपाशी राहते. मी बाबांचं नाव सांगितलं असतं तर सरांनी ओळख काढायला घेतली असती आणि ती निघाली नसती. सगळ्यांसमोर.”

मी हे सरांना सांगितलं. ते डबा खात होते. त्यांनी हातातला घास परत डब्यात ठेवला.

“आमच्या गावात दरसाल मेंढरं बसत्यात,” ते म्हणाले. मेंढरं बसणं म्हणजे काय हे मला तेव्हा माहीत नव्हतं, ते त्यांनीच सांगितलं. पीक निघालेल्या रानात रात्रभर कळप मुक्कामाला ठेवतात. लेंड्या आणि मूत जमिनीत मुरतं, त्याच्यासारखं खत नाही. शेतकरी बदल्यात धान्य देतो. “लोक वाट बघत्यात त्यांची, मॅडम. आणि आमी त्यांना काय म्हणतो? मेंढरंवालं. मेंढरंवालं आलं, मेंढरंवालं गेलं. त्यांच्यातल्या एकाचंबी नाव मला येत नाय. आयला, मी दोन तालुक्यांचं गोत सांगतो म्हणून मिरवतो!”

त्यानंतर काही दिवस सरांनी कुणालाच तो प्रश्न विचारला नाही. खुर्ची ओढायचे आणि नुसते बसून राहायचे. ऑफिसमधल्या शिपायानं मला हळूच विचारलं, “सरांची तब्येत बरी नाय का?”

सोनाली काही पुन्हा शनिवारी येणार नव्हती. तिला आणलं ते ऋतुजानं. ऋतुजा तिच्या बाकावर बसायची. ही निरगुडसरची, मोठ्या बागायतदाराच्या घरातली. बोलायला लागली की घंटा झालेली कळायची नाही. दोघींचं कसं जमलं होतं कोण जाणे. त्या शनिवारी ऋतुजाच्याच मामाकडे जायचं होतं, नारायणगावजवळच्या रोपवाटिकेत. “मामाकडं मी एकटी जाणार नाही, तो मला लग्नावरून छळतो,” असं काहीतरी सांगून तिनं सोनालीला ओढून गाडीत बसवलं.

मामा चांगलेच तापलेले होते. समोर खताची गाडी ओतलेली होती. “लेंडीखत म्हणून मागवलं, हे बघा काय पाठवलंय,” म्हणत त्यांनी ओंजळभर उचलून आमच्यापुढं धरलं. अर्धी माती, खडे, काचेचा तुकडा. “रोपाला घालायचं का घराचा पाया भरायचा? नुसतं वाळवून चाळून कुणी आणून दिलं, तर मी दुसरीकडं बघणार नाय.”

सोनालीचा चहा हातातच निवून गेला. परतीच्या एसटीत ती ऋतुजाच्या कानाशी लागून काहीतरी सांगत होती आणि ऋतुजा, जिला गप्प बसणं माहीत नव्हतं, ती गप्प बसून ऐकत होती. सर पुढच्या सीटवरून एकदा वळून बघून पुन्हा समोर बघायला लागले.

मेंढरं अजून गावाकडंच होती. दिवाळीला वेळ होता. सोनालीच्या डोक्यात होतं ते एवढंच की पावसाळाभर वाघुरीत, म्हणजे कळपाभोवती लावायच्या जाळीच्या आत, जी लेंडी साठते ती वाळवायची, चाळायची, पोत्यात भरायची आणि रोपवाटिकांना द्यायची. पण वडिलांना सांगायचं कुणी? सर म्हणाले, “मी येतो.”

आम्ही गेलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. कुत्र्यांनी आम्हाला लांबच अडवलं. सोनालीनं हाका मारून त्यांना बसवलं. तिचे वडील एका कोकराचा पाय बांधत होते. मोठ्या मिशांचे, उन्हानं रापलेले, कमी बोलणारे. बसायला काही नव्हतं. सर भुईवर मांडी घालून बसले आणि सवयीनं ओळख काढायला गेले. आजूबाजूच्या चार गावांची नावं घेतली. काही केल्या धागा लागेना.

“आमचं पावणं तुमाला कुटनं ठावं असणार, मास्तर?” सोनालीचे वडील म्हणाले. आवाजात राग नव्हता.

“म्हणून तर आलो,” सर म्हणाले. मग सोनालीचा बेत त्यांनी जमेल तसा मांडला.

त्यांनी ऐकून घेतलं. कोकरू खाली सोडलं. मग लेकीकडे बघितलं.

“कालिजात घातली ती लेंड्या इकाया व्हय?”

सर सोनालीकडे बघायला लागले. “आमी हे केलं ते तिला करायला लागू नये म्हणून शिकवली,” वडील म्हणाले. “तिनं खुर्चीत बसावं. तुमी बसता तसं.” आम्हाला त्यांनी चहा दिला, मेंढीच्या दुधाचा, दाट. रस्त्यापर्यंत पोचवायलाही आले. पण शब्द काही फिरवला नाही.

परत येताना सर माझ्याकडे वळले. “बाप बरोबर बोलला. आणि पोरगी बी बरोबर हाय. आता काय करता?”

पुढं जे झालं ते आमच्या दोघांच्याही हातचं नव्हतं. ते मला ऋतुजानं सांगितलं.

सहामाही परीक्षा संपली आणि ऋतुजा कपड्यांची पिशवी घेऊन सोनालीच्या घरी राहायला गेली. घरी काय सांगितलं होतं देव जाणे. आजीच्या हातची बाजरीची भाकरी खाल्ली, कोकरांना बाटलीनं दूध पाजलं, कुत्र्यांना नावानं हाका मारायला शिकली. आणि एका सकाळी तिनं घरातली गव्हाची चाळणी उचलली, अंगणात वाळत पडलेल्या लेंड्यांच्या ढिगापाशी फतकल मारली आणि चाळायला लागली. धुरळा उडाला. ती खोकत होती, शिंकत होती, बडबडत होती. चाळणी वाकडीतिकडी हलत होती आणि खत पोत्यात कमी, तिच्या केसांत जास्त पडत होतं. सोनाली तिला थांबवत होती. सोनालीचे वडील दारात उभे राहून बघत होते. निरगुडसरच्या बागायतदाराची पोर त्यांच्या अंगणात लेंड्या चाळत होती.

मग ते येऊन तिच्यासमोर उकिडवे बसले.

“चाळणी आशी धरत न्हाईत, पोरी,” ते म्हणाले आणि तिच्या हातातून चाळणी घेतली.

सर हे ऐकताना आधी हसले. मग चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसत बसले. “माझ्या ओळखीनं नाय झालं, मॅडम,” ते म्हणाले. “लई बरं झालं. लई म्हंजे लई बरं झालं.”

पहिला माल मामांनी परत पाठवला. पोत्यांत ओल राहिली होती, आतून बुरशी धरली होती. भाचीची मैत्रीण आहे म्हणून काही त्यांनी तो ठेवून घेतला नाही आणि ते ठीकच केलं. सोनाली रडली. ऋतुजा मामाशी भांडली. मग दोघींनी पुन्हा वाळवलं, ह्या वेळी पत्र्यावर. दुसऱ्यांदा मामांनी पोतं उघडून हात कोपरापर्यंत आत घातला, मूठ बाहेर काढली, वास घेतला आणि पोती उतरवायला हमालाला हाक मारली.

आज सोनालीचा महाळुंग्यात पत्र्याचा शेड आहे. जुन्नरच्या बाजूचे तिचे चुलते, मावसे, आत्याचे दीर, सगळे तिला लेंडी देतात. ज्या पावण्यांची नावं वर्गात सांगायची तिला धास्ती वाटायची त्या पावण्यांवरच तिचा सगळा धंदा उभा आहे. पुण्यातली माणसं गॅलरीतल्या कुंड्यांसाठी छोट्या पिशव्या मागवतात. पिशवीवर तिनं मेंढराचं चित्र छापलंय आणि खाली वडिलांचं नाव, अगदी पूर्ण. ऋतुजा मात्र धंद्यात राहिली नाही. तिला चाकणला नोकरी लागली, लग्न झालं. सुट्टीच्या दिवशी कधीतरी येते, शेडमध्ये बसून बडबड करते आणि जाते. सोनाली म्हणते, “ती बडबडून गेली की आठवडा बरा जातो.”

सरांचा प्रश्न त्यानंतर बदलला. खुर्ची तशीच ओढायचे, चष्मा तसाच चढवायचे, पण आता विचारायचे, “वर्गात कुणाशेजारी बसतोस?” पोरं गोंधळायची. ही काय चौकशी? सर ते नाव ऐकायचे, मग त्या शेजाऱ्यालाही बोलावून घ्यायचे आणि दोघांना मिळून चहाला न्यायचे. एकट्याला न्यायचं त्यांनी सोडून दिलं. “एकटं पोरगं बघून येतं आणि घरी जाऊन इसरतं,” म्हणायचे. “दोघं आसली की रस्त्यानं बोलत्यात. धंदा तितं सुरू व्हतो, रस्त्यात.” माझ्या कक्षाच्या वार्षिक अहवालात हे कसं लिहायचं ते मला कधीच कळलं नाही.

मग सर निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांना शाल-नारळ दिला, त्यांनी भाषण केलं नाही. नंतर शनिवारी मी पोरांना घेऊन जायला लागले. सुरुवातीला जमायचं नाही, कारण माझे पावणे सांगलीकडचे. पण सरांची वाट वापरली. कुणाकडेही गेले तरी लोक “सरांनी पाठवलंय का?” विचारायचे आणि मी हो म्हणायचे. सर अधूनमधून फोन करायचे. “आज कुटं गेलता? चहा बरा व्हता का?”

निवृत्तीनंतर फार दिवस मिळाले नाहीत त्यांना. थंडीचे दिवस होते. सकाळी रानातून आले, ओट्यावर बसले, पाणी मागितलं. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, तांब्या घेऊन बाहेर येईपर्यंत सगळं संपलं होतं. दहाव्याला घोड नदीच्या काठी उभं राहायला जागा नव्हती. सोनाली आणि ऋतुजा हातात हात धरून एका बाजूला उभ्या होत्या. सोनालीचे वडील तेव्हा कोकणात होते. तिनं त्यांना फोनवर कळवलं. ते नुसतं “बरं” म्हणाले आणि फोन ठेवला, असं तिनं मला सांगितलं.

सरांच्या वाटणीचं रान त्या साली पडूनच राहिलं. मुलगा बंगळूरला. त्याला वेळ नव्हता आणि वहिनींचं मन लागत नव्हतं. भावांनी पेरू का विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, राहू दे सध्या.

उन्हाळा सरत आला आणि एका संध्याकाळी मला सोनालीचा फोन आला. “मॅडम, उद्या सकाळी निरगुडसरला येता का? बाबा आलेत. सरांच्या रानात मेंढरं बसवलीत.”

मी पोचले तेव्हा ऊन नुकतंच चढायला लागलं होतं. बांधावर वहिनी उभ्या होत्या. म्हणाल्या, “परवा आले. ओट्यावर बसले. पाणी दिलं ते प्यायले. मग म्हणाले, मास्तरांचं रान कुठलं? मी दाखवलं. दोन रात्री बसवलीत. धान्य काढून ठेवलंय, घेईनात. तुम्ही तरी सांगा.”

मी सांगून बघितलं. सोनालीचे वडील वाघूर गुंडाळत होते. त्यांनी मानेनंच नको म्हटलं आणि घोड्यावर बिऱ्हाड लादायला घेतलं.

कळप उठला. कोकरं ओरडायला लागली, कुत्री दोन्ही बाजूंनी धावली आणि सगळी मेंढरं एकमेकांना चिकटून ओढ्याकडे उतरली. सोनाली त्यांच्या मागं थोडी चालत गेली. धुरळा बसेपर्यंत आम्ही दोघी बांधावरच उभ्या होतो. मागं सगळं रान काळ्याभोर लेंड्यांनी झाकलेलं होतं.

वहिनींनी चपला बांधावर काढल्या. रानात उतरल्या आणि सावकाश चालत पार पलीकडच्या कडेपर्यंत गेल्या.